स्पॅनिशचं ‘तेनेर’ चालवायचं कसं : क्रमाने, आणि नेहमीच्या चुका टाळून

‘तेनेर’ म्हणजे जवळ असणं, बाळगणं. स्पॅनिश शिकणाऱ्याला हे क्रियापद पहिल्याच आठवड्यात भेटतं आणि वर्षभराने विचारलं तरी अनेकांची गाडी त्याच जागी अडते. तक्ता पाठ असतो. तेंगो, त्येनेस, त्येने घडाघडा म्हणून दाखवतात. पण ‘मला दोन भाऊ आहेत’ हे सांगायची वेळ आली की तोंडून भलतंच रूप निघतं. शिकवताना मी हे इतक्या वेळा पाहिलं आहे की दोष पाठांतराचा नाही, क्रमाचा आहे याची मला खात्री झाली. आपण आधी तक्ता घोकतो आणि मग मराठी वाक्य त्यात बसवायला जातो. करायचं नेमकं उलट असतं: आधी वाक्य बदलायचं, मग मुळं ओळखायची, तक्ता शेवटी.

## सुरुवात करण्यापूर्वीची तयारी

वहीची पाच कोरी पानं ठेवा. पानं पाच का, ते दुसऱ्या टप्प्यात कळेल. दोन रंगांची पेनं घ्या: एक मुळासाठी, एक शेवटच्या प्रत्ययासाठी. रोज पंधरा मिनिटं पुरतात, पण ती मोठ्याने बोलण्याची हवीत. या क्रियापदाच्या निम्म्या अडचणी आघात कुठे द्यायचा याच्या आहेत आणि मनातल्या मनात वाचून आघात कळत नाही.

उच्चाराच्या चार गोष्टी आत्ताच पक्क्या करा.

१. ‘त’ दंत्य आहे, आपल्या ‘ताक’मधला. इंग्रजीच्या सवयीने ‘टेनेर’, ‘टेंगो’ म्हणू नका. ‘द’सुद्धा ‘दार’मधलाच.

२. ‘तेंगो’मधला अनुस्वार ‘अंग’सारखा आणि ‘तेंद्रे’मधला ‘चंद्र’सारखा. मराठी माणसाला हे आयतं मिळालेलं आहे.

३. ‘त्येने’मध्ये दोनच अवयव आहेत: त्ये-ने. ‘ति-ए-ने’ असे तीन तुकडे करू नका.

४. लिहिताना व्ही असलं तरी उच्चार ‘ब’चाच. म्हणून भूतकाळाची रूपं इथे ‘तूबे’, ‘तूबो’ अशी लिहिली आहेत. वहीत लिहिताना मात्र व्हीच लिहा. ‘तूबो’ बी वापरून लिहिलं तर तो नळी किंवा पाइप होतो. ऐकायला दोन्ही शब्द सारखेच असल्यामुळे ही चूक स्पॅनिश मातृभाषा असलेलेही करतात.

## टप्पा १ : मराठी वाक्य मोडून पुन्हा मांडा

मराठीत ‘जवळ असणं’ यासाठी स्वतंत्र क्रियापद नाही. माझ्याकडे वेळ आहे, मला बहीण आहे, माझं घर आहे, हे सगळं ‘आहे’वर निभावतं. स्पॅनिशमध्ये हे काम तेनेर करतं आणि त्याला कर्ता लागतो. म्हणून स्पॅनिश शब्द शोधण्याआधी वाक्य मनात असं फिरवा:

माझ्याकडे वेळ आहे → मी वेळ बाळगतो → तेंगो त्येंपो.
तिला तीन मुली आहेत → ती तीन मुली बाळगते → त्येने त्रेस इखास.

मधली पायरी मराठीत विचित्र वाटते. वाटू द्या. पहिले दोन आठवडे ती गाळू नका.

इथेच सगळ्यात मोठी चूक होते. ‘मला दोन भाऊ आहेत’ या वाक्यात आपलं ‘आहेत’ भावांप्रमाणे चालतं. भाऊ दोन म्हणून ‘आहेत’, एक असता तर ‘आहे’. ही सवय घेऊन शिकणारा ‘त्येनेन दोस एरमानोस’ म्हणतो आणि त्याचा अर्थ होतो ‘त्यांना दोन भाऊ आहेत’. स्पॅनिश क्रियापद ज्याच्याकडे वस्तू आहे त्याच्याप्रमाणे चालतं. वस्तू एक असो वा शंभर, माझ्याकडे असेल तर ‘तेंगो’.

दुसरी चूक ‘मला’मुळे होते. ‘मला’साठी ‘आ मी’ किंवा ‘मे’ आठवतं आणि वाक्य ‘मे तेंगो’ असं सुरू होतं. इथे ‘मला’ नाहीच, ‘मी’ आहे: ‘यो’. तोही बहुतेकदा बोलायची गरज नाही, कारण मराठीतल्या ‘जातो’, ‘येतेस’सारखं रूपावरूनच माणूस कळतो.

आता हेही पाहून घ्या की प्रत्येक ‘आहे’ म्हणजे तेनेर नव्हे:

मी डॉक्टर आहे (ओळख) → सोइ मेदीको, क्रियापद ‘सेर’.
मी घरी आहे (ठिकाण) → एस्तोइ एन कासा, क्रियापद ‘एस्तार’.
टेबलावर एक पुस्तक आहे (अस्तित्व) → एन ला मेसा आइ उन लीब्रो, क्रियापद ‘आबेर’.
मी जेवलो आहे (साहाय्यक) → ए कोमीदो, पुन्हा ‘आबेर’.
माझ्याकडे पुस्तक आहे → तेंगो उन लीब्रो. हे एकच तेनेरचं.

सावधान : ‘मी जेवलो आहे’साठी ‘तेंगो कोमीदो’ म्हणू नका. इंग्रजीत दोन्हीकडे एकच क्रियापद चालतं, म्हणून इंग्रजीतून स्पॅनिश शिकणाऱ्यांकडून ही चूक हमखास होते.

तपासणी : मराठीतली दहा ‘आहे’वाली वाक्यं लिहा आणि फक्त इतकंच ठरवा की त्यात कुणीतरी काहीतरी बाळगतोय का. दहापैकी नऊ बरोबर येईपर्यंत पुढे जाऊ नका.

## टप्पा २ : पाच मुळं, पाच पानं

संस्कृतात धातू चालवताना आपण अंग आणि प्रत्यय वेगळे ओळखतो, तसंच इथे करा. तेनेर अनियमित आहे म्हणजे त्याचं प्रत्येक रूप मनमानी आहे असं नव्हे. त्याची मुळं पाच आहेत आणि जवळजवळ प्रत्येक रूप या पाचांपैकी एकावर उभं आहे:

तेन : तेनेमोस, तेनेइस, तेनीआ, तेनीदो
त्येन : त्येनेस, त्येने, त्येनेन
तेंग : तेंगो, तेंगा
तुब : तूबे, तूबो, तुब्येरा
तेंद्र : तेंद्रे, तेंद्रीआ

प्रत्येक मुळाला एक पान द्या. नवीन रूप भेटलं की ते कोणत्या पानावर जातं ते आधी ठरवा, मग लिहा. तक्ता आडवा घोकणाऱ्याला पन्नासेक सुटी रूपं लक्षात ठेवावी लागतात. मुळं धरून जाणाऱ्याला पाच मुळं आणि काही प्रत्यय पुरतात, आणि प्रत्यय तर इतर क्रियापदांकडूनही ओळखीचे असतात.

## टप्पा ३ : वर्तमानकाळ

यो तेंगो : मी
तू त्येनेस : तू
एल, एया, उस्तेद त्येने : तो, ती, आदरार्थी एकवचनी तुम्ही
नोसोत्रोस तेनेमोस : आम्ही, आपण
बोसोत्रोस तेनेइस : तुम्ही लोक (स्पेनमध्ये, जवळिकीने)
एयोस, एयास, उस्तेदेस त्येनेन : ते, त्या, तुम्ही लोक

‘तेन’चं ‘त्येन’ कधी होतं? आघात मुळावर पडला की. त्येनेस, त्येने, त्येनेन यांत जोर पहिल्या अवयवावर आहे. तेनेमोस आणि तेनेइसमध्ये जोर प्रत्ययावर सरकतो, म्हणून मूळ तसंच राहतं. मोठ्याने म्हणून पाहा, फरक कानालाच कळेल. ‘त्येनेमोस’ ही चूक करणाऱ्याने हा आघात कधी ऐकलेलाच नसतो. तेंगो तेवढं या नियमात बसत नाही. ते वेगळं लक्षात ठेवा आणि नीट ठेवा, कारण आठव्या टप्प्यात त्याच्यावर बरंच काही उभं राहणार आहे.

आदराचा प्रश्न इथे खास मराठी माणसाला छळतो. आपलं ‘तुम्ही’ एकट्या वडीलधाऱ्यासाठीही चालतं आणि चार मित्रांसाठीही, आणि क्रियापद दोन्हीकडे अनेकवचनी. स्पॅनिशमध्ये एका माणसाला आदराने बोलताना ‘उस्तेद’ आणि त्याच्यासोबत तृतीय पुरुषी एकवचन: ‘त्येने’. म्हणजे ‘साहेब, तुमच्याकडे पेन आहे का?’ याचं ‘त्येने उस्तेद उन बोलीग्राफो?’ होतं. इथे आदर म्हणून ‘तेनेइस’ वापरलं तर समोरच्या एकट्या माणसाला तुम्ही जमाव समजताय असं होतं.

लॅटिन अमेरिकेत बोसोत्रोस वापरात नाही, तिथे सगळ्या ‘तुम्ही लोकां’ना उस्तेदेस आणि त्येनेन. अर्जेंटिना आणि उरुग्वेमध्ये ‘तू’ऐवजी ‘बोस’ म्हणतात आणि त्याचं रूप ‘तेनेस’, आघात शेवटी. ते ऐकून गोंधळू नका, आणि सुरुवातीला स्वतः वापरायची गरजही नाही.

तपासणी : ‘आमच्याकडे वेळ नाही’ आणि ‘मुलांकडे वेळ नाही’ ही वाक्यं न थांबता बोला. उत्तरं: नो तेनेमोस त्येंपो, लोस नीन्योस नो त्येनेन त्येंपो. नकाराचा ‘नो’ क्रियापदाच्या आधी येतो. मराठीसारखा शेवटी टाकला तर वाक्य कोसळतं.

## टप्पा ४ : भूक, तहान आणि वय

इथे मराठी मदतीला येते. आपल्याला भूक ‘लागते’, झोप ‘येते’, भीती ‘वाटते’. या भावना आपणही नामानेच सांगतो. स्पॅनिशही नामच वापरतं, फक्त ते बाळगलं जातं: तेंगो आंब्रे (मला भूक लागली आहे), तेंगो सेद (तहान), तेंगो फ्रीओ (थंडी वाजते आहे), तेंगो कालोर (उकडतंय), तेंगो स्वेन्यो (झोप येते आहे), तेंगो म्येदो (भीती वाटते), तेंगो प्रीसा (घाई आहे), तेंगो फ्येब्रे (ताप आहे).

चूक होते ती ‘खूप’मध्ये. मराठीत ‘खूप मोठं’ आणि ‘खूप भूक’ दोन्हीकडे एकच ‘खूप’. स्पॅनिशमध्ये विशेषणाआधी ‘मुइ’, नामाआधी ‘मूचो’ किंवा ‘मूचा’. भूक नाम आहे, म्हणून तेंगो मूचा आंब्रे. थंडीही नामच, म्हणून तेंगो मूचो फ्रीओ. ‘तेंगो मुइ आंब्रे’ कधीच नाही.

वयाच्या बाबतीत मात्र मराठी फसवते. ‘मी वीस वर्षांचा आहे’ यातलं ‘आहे’ ऐकून जीभ ‘सोइ’कडे वळते. स्पॅनिश माणूस वर्षं बाळगतो: तेंगो बेइंते आन्योस.

सावधान : ‘आन्योस’ लिहिताना एनवरची नागमोडी रेघ विसरू नका. रेघ गेली की शब्द ‘आनोस’ होतो, तो शरीराच्या अशा भागाचं नाव आहे की अर्जात किंवा पत्रात तो नकोच.

## टप्पा ५ : तेंगो के, म्हणजे करावं लागणं

तेनेर + के + मूळ क्रियापद = करावंच लागणं. तेंगो के कोमेर: मला खावं लागेल, खायलाच हवं. तेनेमोस के सालीर: आम्हाला निघायलाच हवं.

इथे तीन ठिकाणी घसरतात. ‘के’ गाळतात (‘तेंगो कोमेर’). दुसरं क्रियापदही चालवतात (‘तेंगो के कोमो’), खरं तर चालायचं फक्त तेनेरने, दुसरं जसंच्या तसं राहतं. तिसरी घसरण खोलवरची आहे. ‘मला जायचं आहे’ हे मराठी वाक्य इच्छाही सांगतं आणि सक्तीही. स्पॅनिशमध्ये ती दोन वाक्यं आहेत: इच्छा असेल तर क्येरो इर, सक्ती असेल तर तेंगो के इर. बोलण्यापूर्वी स्वतःला विचारा, इथे ‘जावं लागणार आहे’ म्हणता येईल का? येत असेल तरच तेंगो के.

## टप्पा ६ : दोन भूतकाळ

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. बाकीचे टप्पे मिळून जितके दिवस लागतील तितके या एकट्याला लागले तरी हरकत नाही.

आधी रूपं. अपूर्ण भूतकाळ अगदी सरळ आहे: तेनीआ, तेनीआस, तेनीआ, तेनीआमोस, तेनीआइस, तेनीआन. सहाही ठिकाणी जोर ‘नी’वर.

पूर्ण भूतकाळ ‘तुब’ मुळावर: तूबे, तुबीस्ते, तूबो, तुबीमोस, तुबीस्तेइस, तुब्येरोन. नियमित क्रियापदांत ‘मी’ आणि ‘तो’च्या रूपाचा जोर शेवटी असतो: कोमी, कोम्यो. इथे तो सुरुवातीला आहे. ‘तुबे’चा ‘बे’ ठासून म्हणू नका आणि त्यावर आघाताची तिरकी रेघही देऊ नका. ‘तेनी’, ‘तेन्यो’ अशी नियमित रूपं बनवणं ही दुसरी नेहमीची चूक; अशी रूपंच नाहीत.

आता कोणतं केव्हा. व्याकरणाच्या व्याख्या पाठ करण्यापेक्षा मराठीचाच आधार घ्या, तो इथे आश्चर्य वाटावं इतका नेमका आहे.

‘होतं’ म्हणावंसं वाटलं तर तेनीआ, ‘झालं’, ‘सुचलं’, ‘लागलं’ म्हणावंसं वाटलं तर तूबे-तूबो.

तेनीआ उन इखो : तिला एक मुलगा होता.
तूबो उन इखो : तिला मुलगा झाला.

तेनीआ उना इदेआ : माझ्या मनात एक कल्पना होती.
तूबे उना इदेआ : मला एक कल्पना सुचली.

तेनीआ के इर : मला जायचं होतं (गेलो की नाही, ते अजून सांगितलेलं नाही).
तूबे के इर : मला जावं लागलं (म्हणजे गेलो).

शेवटची जोडी पुन्हा वाचा. ‘तूबे के इर’ म्हणून पुढे ‘पण गेलो नाही’ असं जोडलं तर ऐकणारा बुचकळ्यात पडतो, जसं मराठीत ‘मला जावं लागलं, पण मी गेलो नाही’ ऐकून पडेल.

या कसोटीला एक अपवाद आहे. ठरावीक मुदत सांगितली आणि ती संपली, तर मराठीत ‘होता’ असूनही स्पॅनिशमध्ये पूर्ण भूतकाळ येतो. ‘माझ्याकडे दहा वर्षं कुत्रा होता’ याचं ‘तूबे उन पेर्रो दुरांते द्येस आन्योस’ होतं. मुदतीचा आकडा दिसला की थांबून विचार करा.

तपासणी : कालच्या दिवसाबद्दल आठ वाक्यं बोला: चार ‘होतं’ची, चार ‘लागलं’ किंवा ‘झालं’ची. ध्वनिमुद्रण करून ऐका. आघात चुकला असेल तर तो वाचताना सापडणार नाही, ऐकतानाच सापडेल.

## टप्पा ७ : भविष्य आणि संकेतार्थ

हा टप्पा एका बैठकीत होतो. ‘तेनेर’मधला दुसरा ‘ए’ गळून त्या जागी ‘द’ आला की ‘तेंद्र’ तयार. भविष्यकाळ: तेंद्रे, तेंद्रास, तेंद्रा, तेंद्रेमोस, तेंद्रेइस, तेंद्रान. संकेतार्थ, म्हणजे अट पुरी झाली तर काय झालं असतं ते सांगणारं रूप: तेंद्रीआ, तेंद्रीआस, तेंद्रीआ, तेंद्रीआमोस, तेंद्रीआइस, तेंद्रीआन. प्रत्यय सगळे नियमित. ‘तेनेरे’ म्हणायचा मोह होतो, तेवढा टाळा.

## टप्पा ८ : आज्ञा, नकार आणि सबजंक्टिव्ह

तेंगोचा ‘ओ’ काढा, ‘आ’ लावा: तेंगा, तेंगास, तेंगा, तेंगामोस, तेंगाइस, तेंगान. हा वर्तमान सबजंक्टिव्ह, म्हणजे घडलेलं नव्हे तर इच्छा, शंका किंवा विनंती सांगताना येणारं रूप. म्हणूनच तेंगो पक्कं करायला सांगितलं होतं.

‘तू’ला आज्ञा करताना फक्त ‘तेन’: तेन क्विदादो, म्हणजे सांभाळ. उस्तेदला मात्र ‘तेंगा क्विदादो’. आणि नकार आला की ‘तेन’ नाहीसं होतं: नो तेंगास म्येदो, घाबरू नकोस. ‘नो तेन म्येदो’ ही चूक फार ऐकू येते. मराठीतही ‘घाबर’चा नकार ‘घाबर नको’ होत नाही, रूप बदलून ‘घाबरू नकोस’ होतं. तेच इथे घडतंय असं समजा.

## टप्पा ९ : ‘असता तर’

तुब्येरोनमधला ‘रोन’ काढून ‘रा’ लावा: तुब्येरा, तुब्येरास, तुब्येरा, तुब्येरामोस, तुब्येराइस, तुब्येरान. वापर: सी तुब्येरा त्येंपो, इरीआ. माझ्याकडे आत्ता वेळ असता तर मी गेलो असतो, पण वेळ नाहीये.

मराठीत ‘असता’ आणि ‘असतो’ वाक्याच्या दोन्ही भागांत येतात, म्हणून शिकणारा दोन्हीकडे संकेतार्थच वापरतो: ‘सी तेंद्रीआ’. प्रमाण स्पॅनिशमध्ये अशा अटीच्या ‘सी’नंतर तेंद्रीआ येत नाही. अटीच्या बाजूला तुब्येरा, परिणामाच्या बाजूला संकेतार्थ.

## लिहिलेलं तपासण्यासाठी रेघा मोजा

प्रत्येक काळाची सहा रूपं स्पॅनिश लिपीत लिहून काढा आणि स्वरांवरच्या तिरक्या रेघा मोजा. वर्तमानात १ (तेनेइस), अपूर्ण भूतकाळात ६, पूर्ण भूतकाळात ०, भविष्यात ५ (तेंद्रेमोसवर नाही), संकेतार्थात ६, वर्तमान सबजंक्टिव्हमध्ये १ (तेंगाइस), ‘तुब्येरा’च्या रांगेत १ (तुब्येरामोस). आकडा जुळला नाही तर चूक कोणत्या रांगेत आहे ते लगेच कळतं.

## पुढे : याच घरातली क्रियापदं

मांतेनेर (राखणं), ओब्तेनेर (मिळवणं), कोंतेनेर (सामावणं), देतेनेर (थांबवणं), सोस्तेनेर (तोलून धरणं), एंत्रेतेनेर (रिझवणं) ही सगळी तेनेरसारखीच चालतात: मांतेंगो, मांतूबे, मांतेंद्रे. ‘मांतेनी’ म्हणाल तर सहाव्या टप्प्याकडे परत जा. फरक एवढाच की ‘तू’च्या आज्ञेत शेवटच्या ‘ए’वर रेघ येते, जी एकट्या ‘तेन’वर नसते: मांतेन, देतेन.

‘बेनीर’ (येणं) चुलतभावासारखं आहे: बेंगो, ब्येनेस, बेंद्रे, आज्ञा ‘बेन’. पण ‘आम्ही येतो’ हे ‘बेनीमोस’ आणि ‘आम्ही आलो’ हे ‘बिनीमोस’. ते तेनेर पक्कं झाल्यावरच हाती घ्या. दोन्ही एकदम शिकणाऱ्यांच्या वह्यांत मला ‘तेनीमोस’ सापडतं.